बाबांना दम लागतो, मग व्यायाम कशाला?

पत्राचा सारांश : पत्रलेखिकेचे वडील 67 वर्षांचे आहेत. अनेक वर्षांच्या धूम्रपानामुळे त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार, जडला आहे. पाच महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली आणि दोन स्टेन्ट बसवले गेले. इकोच्या अहवालात हृदयाचे ‘पंपिंग’ 40 टक्के आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना हृदय आणि फुप्फुसांच्या फिजिओथेरपीसाठी पाठवले, पण दुसऱ्याच दिवशी सायकल चालवताना त्यांना जोराची धाप लागली, दरदरून घाम आला आणि घाबरलेल्या कुटुंबाने ते सगळे थांबवले. गेले तीन महिने ते घरी पूर्ण विश्रांती घेत आहेत, तरीही आता आंघोळ करून आल्यावरसुद्धा त्यांना धाप लागते. भाऊ म्हणतो, फिजिओथेरपी ही गुडघ्या-पाठीसाठी असते, हृदयाला तिचा काय उपयोग? आई म्हणते, उरलेली ताकद जपून वापरू. पत्रलेखिकेचा प्रश्न असा : ‘बाबांना पुन्हा त्या त्रासात ढकलावे, की शांतपणे आराम करू द्यावा? मोबाइलवर पाहून श्वासाचे व्यायाम घरीच करून घेतले तर चालणार नाही का?’

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : ‘आम्ही त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही.’ घरात त्यांची किती काळजी घेतली जाते हे सांगण्यासाठी तुम्ही ते लिहिले आहे आणि त्यामागची माया मला स्पष्ट दिसते. तरीही मी उत्तराची सुरुवात याच वाक्यापासून करते, कारण बाबांच्या आजच्या धापेचा बराचसा भाग या तीन महिन्यांत त्यांनी न उचललेल्या पेल्यांमधून आणि न टाकलेल्या पावलांमधून आलेला असावा, असे मला तुमचे पत्र वाचून वाटते. तीन महिन्यांपूर्वी त्यांना सायकलवर धाप लागत होती, आज आंघोळीनंतर लागते. विश्रांतीने त्यांना बरे वाटायला हवे होते, पण घडले ते नेमके उलट, आणि ही गोष्ट तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहे.

दम लागला म्हणजे हृदयाला किंवा फुप्फुसांना इजा होत आहे, हे तुम्ही सर्वांनी गृहीत धरले आहे. ते स्वाभाविक आहे, कारण धाप लागलेल्या माणसाकडे पाहणे हे ती स्वतःला लागण्याहून कठीण असते. मात्र धाप ही बहुतेक वेळा इजेची खूण नसून मागणी आणि पुरवठा यांच्यातल्या तफावतीची खूण असते. पायांचे स्नायू वापरात राहिले नाहीत की ते बारीक होतात, त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता घटते आणि चार पावलांतच त्यांच्यात लॅक्टिक आम्ल साचू लागते. ते निस्तरण्यासाठी शरीराला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकावा लागतो, म्हणजेच जास्त वेगाने श्वास घ्यावा लागतो. सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद असल्याने आतली हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घेण्याची वेळ येते, छाती फुगलेलीच राहते आणि माणसाला ‘हवाच मिळत नाही’ असे वाटते. मग तो आणखी कमी हालचाल करतो, स्नायू आणखी बारीक होतात आणि पुढच्या वेळी त्याहून कमी कामात धाप लागते. बाबा सध्या याच चक्रात सापडले आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फिजिओथेरपीने अरुंद झालेल्या श्वासनलिका रुंद होत नाहीत. आठ आठवड्यांनंतर बाबांची फुंकण्याची तपासणी पुन्हा केली, तर तिचे आकडे जवळपास तेच येतील आणि ‘मग उपयोग काय झाला’ असे कुणीतरी म्हणेल. बदल होतो तो पायांमध्ये. तेच अंतर चालण्यासाठी सशक्त स्नायू कमी आम्ल तयार करतात, म्हणून फुप्फुसांकडे कमी श्वास मागतात आणि हृदयावरही कमी भार टाकतात. फुप्फुसे तीच असूनही माणूस घरातून बाहेर पडू लागतो. सीओपीडीवरील अशा उपचारांच्या 65 चाचण्यांचा, एकूण 3,822 रुग्णांचा, कॉक्रेन या संस्थेने 2015 मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात धाप, थकवा आणि चालण्याची क्षमता या तिन्ही बाबतींत फायदा इतका स्पष्ट दिसला की ‘उपचार विरुद्ध नेहमीची देखभाल’ अशा आणखी चाचण्यांची गरज उरलेली नाही, असे आढावा घेणाऱ्यांनी लिहिले. तुमच्या भावाला ही माहिती जरूर द्या. फिजिओथेरपीचा गुडघ्यांशी संबंध आहे हे त्यांचे म्हणणे एका अर्थी खरेच आहे, कारण बाबांच्या धापेवरचा एक मोठा इलाज त्यांच्या मांड्यांमध्येच आहे.

‘उरलेली ताकद जपून वापरू’ हे आईंचे म्हणणेही तपासून पाहू. ताकद ही ठेवणीतल्या वस्तूसारखी कपाटात राहत नाही, ती न वापरल्याने संपते. अमेरिकेतील डॅलस येथे 1966 मध्ये 20 वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले होते आणि तेवढ्यात त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. त्याच पाच जणांना 30 वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वयोमानाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने झालेल्या घटीपेक्षा कमी भरली. ते विशीतले आणि धडधाकट होते, बाबा 67 वर्षांचे आहेत. वैद्यकशास्त्रालाही हे उमगायला वेळ लागला, हे आईंना अवश्य सांगा, म्हणजे आपले काही चुकले असे त्यांना वाटणार नाही. एके काळी झटक्यानंतर रुग्णाला सहा-सहा आठवडे पडून राहायला सांगत असत. 1952 मध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना दिवसाचा काही वेळ नुसते खुर्चीत बसवण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा तेवढेही धाडसाचे समजले गेले होते.

आता ‘40 टक्के पंपिंग’. हा आकडा वाचून बहुतेक घरांत असा अर्थ काढला जातो की हृदयाचा 60 टक्के भाग निकामी झाला. तसे नाही. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरल्यावर एका ठोक्यात त्यातले किती रक्त बाहेर ढकलतो, त्याचे हे प्रमाण आहे आणि पूर्ण निरोगी हृदयातही ते 100 नसते, साधारण 55 ते 70 असते. बाबांचे हृदय काही प्रमाणात कमजोर झाले आहे, यात शंका नाही. परंतु पंपिंग याहून कमी, 35 टक्के किंवा त्याखाली, असलेल्या 2,331 रुग्णांवर झालेल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित असल्याचे दिसून आले आहे. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांनी बाबांना धाडले ते 40 टक्के हा आकडा पाहूनच, तो नजरेआड करून नव्हे.

हे सगळे लिहिले तरी दुसऱ्या दिवशी जे घडले ते मी क्षुल्लक मानत नाही. धाप आणि थोडा घाम अपेक्षित असतो. पण दरदरून घाम फुटणे आणि चेहरा उतरणे हे पहिल्या आठवड्यात व्हायला नको होते. त्यामुळे ‘पुन्हा जायचे का’ यापेक्षा ‘त्या दिवशी नेमके काय झाले’ हा प्रश्न आधी विचारावा लागेल. सायकलवर बसवण्यापूर्वी बाबांची चालण्याची चाचणी झाली होती का? सायकल चालवताना बोटाला ऑक्सिमीटर लावलेला होता का आणि त्यावर आकडा किती उतरला? श्वासनलिका रुंद करणारा इनहेलर त्यांनी व्यायामाच्या 15-20 मिनिटे आधी घेतला होता का? नुकतेच जेवून ते गेले होते का? सुरुवातीची पाच-दहा मिनिटे हलक्या हालचालींची होती, की थेट जोर लावायला सांगितले गेले? या प्रश्नांची उत्तरे त्या केंद्राकडे नोंदवलेली असतील, तर तिथे परत जायला हरकत नाही. नोंदच नसेल, तर केंद्र बदला. एका चुकीच्या मात्रेमुळे औषधच वाईट ठरवायचे नसते, पण मात्रा न मोजणाऱ्याच्या हातून ते पुन्हा घ्यायचेही नसते.

मात्रा हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. या उपचारात व्यायाम हे औषध असते आणि ते मोजून दिले जाते. मोजमाप कसे होते ते तुम्हाला डोळ्यांसमोर यावे म्हणून सांगते. 30 मीटरच्या मोकळ्या, सपाट मार्गिकेच्या दोन्ही टोकांना एकेक खूण ठेवलेली असते, जवळ एक खुर्ची असते आणि रुग्णाला सहा मिनिटांत जेवढे जमेल तेवढे चालायला सांगितले जाते. थांबायची मुभा असते, भिंतीला टेकायची मुभा असते, घड्याळ मात्र चालू राहते. फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या बाजूने नव्हे, तर अर्धे पाऊल मागून चालतो, कारण शेजारी चाललो तर रुग्ण नकळत आपल्या वेगाने चालू लागतो. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ पहिल्या दिवशी तीनदा थांबले आणि तिसऱ्यांदा थांबल्यावर भिंतीवर तळहात टेकवून मान खाली घालून उभे राहिले. मागे त्यांची पत्नी खुर्चीवरून अर्धवट उठली होती. मी त्यांना धापेचा आकडा विचारला, त्यांनी बोटांनी पाच दाखवले, ऑक्सिमीटरवर 91 होते. अर्ध्या मिनिटाने त्यांनी हात भिंतीवरून काढला आणि ते पुढे चालू लागले. त्यांच्या पत्नी मला नंतर म्हणाल्या, ‘यांची धाप आपोआप खाली येते हे मी आज पहिल्यांदा पाहिले, घरी आम्ही त्याआधीच यांना आडवे करतो.’

धापेचा तो आकडा म्हणजे बोर्ग स्केल. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी ते तयार केले. त्याच्या 0 ते 10 या आवृत्तीत 0 म्हणजे धाप अजिबात नाही आणि 10 म्हणजे असह्य. व्यायाम साधारणपणे 3 ते 5 च्या दरम्यान, म्हणजे दम लागतो आहे पण छोटी वाक्ये बोलता येतात अशा पातळीवर ठेवला जातो. बाबांसाठी हे स्केल विशेष महत्त्वाचे आहे, कारण झटक्यानंतर बहुधा त्यांना बीटा ब्लॉकर गटातले औषध दिलेले असेल आणि त्या औषधाने नाडी फारशी वाढतच नाही. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातले ठोके पाहून व्यायाम ठरवला, तर ‘ठोके तर कमीच आहेत’ म्हणून जोर वाढवला जातो आणि बाबांच्या बाबतीत झाले तसे होऊ शकते.

चाचणीनंतर आठवड्यातून दोन ते तीन वेळा, असे आठ ते बारा आठवडे काम चालते. चालणे किंवा सायकल, तीही लागल्यास एक-दोन मिनिटांच्या तुकड्यांत, त्यासोबत खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, हलकी वजने, आणि शेवटी हळूहळू थंडावणे, कारण व्यायाम एकदम थांबवला तर रक्तदाब पडून चक्कर येऊ शकते. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, उलट सोडायचा, ही हृदयरुग्णासाठी महत्त्वाची शिकवण याच सत्रांत अंगवळणी पडते. छातीत कफ असेल तर तो काढण्याचे तंत्रही शिकवतात : खोकून खोकून दमण्याऐवजी, चष्म्याच्या काचेवर वाफ धरण्यासाठी आपण जसा ‘हा’ करतो, तसा लांब आणि मोकळा उच्छ्वास करून कफ वर आणायचा.

मोबाइलवर पाहून घरीच श्वासाचे व्यायाम करण्याचा पर्याय तुम्ही विचारला आहे. त्यातला एक प्रकार खरोखर उपयोगी आहे आणि बाबांना तो आजच शिकवता येईल : नाकाने शांतपणे श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, फुंकर मारल्यासारखा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहायचा. त्यामुळे श्वासनलिका आतल्या आत मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. धाप लागल्यावर पुढे वाकून कोपर मांड्यांवर किंवा टेबलावर टेकले तरी बरे वाटते. तथापि नुसत्या श्वासाच्या व्यायामाने पायांचे स्नायू घडत नाहीत आणि मोबाइलवरच्या माणसाला बाबांचा ऑक्सिजन दिसत नाही. कफ सुटावा म्हणून डोके खाली करून झोपवण्याचे प्रकारही काही ठिकाणी दाखवले जातात. बाबांसारख्या कमजोर हृदयाच्या रुग्णाने ते मुळीच करू नयेत.

केंद्र लांब असेल, तर मधला मार्ग आहे. चाचणी आणि पहिली काही सत्रे केंद्रात, नंतरचे वेळापत्रक घरी, आणि फिजिओथेरपिस्टचा आठवड्यातून एक फोन किंवा व्हिडिओ भेट, अशी रचना बऱ्याच रुग्णांना मानवते आणि तिचे परिणामही केंद्रातल्या उपचारांच्या जवळपास येतात. मात्र बाबांची सुरुवातच बिघडलेली असल्याने पहिले तीन-चार आठवडे तरी ते कुणाच्या नजरेखाली राहावेत, असे माझे मत आहे. आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेवा. बारा आठवडे संपले आणि चालणे बंद पडले, तर मिळालेला फायदा वर्षभरात ओसरतो. म्हणून पुढे काय चालू ठेवायचे, हे शेवटच्या सत्राआधीच लिहून घ्या.

पुन्हा सुरू करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे, कारण तीन महिन्यांत प्रकृती बदललेली असू शकते आणि आंघोळीनंतरची धाप केवळ अशक्तपणाची आहे असे मी पत्रावरून ठरवू शकत नाही. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वजन वाढले असेल, पायांवर सूज येत असेल, रात्री सपाट झोपता येत नसेल किंवा कफाचा रंग आणि प्रमाण बदलले असेल, तर आधी उपचार आणि मग व्यायाम. ताप असेल त्या दिवशीही सुट्टी. आणि व्यायाम करताना छातीत दुखले किंवा दडपले, डोळ्यांपुढे अंधारी आली, ठोके अनियमित पडू लागले किंवा डॉक्टरांनी वेगळी मर्यादा घातलेली नसताना ऑक्सिजन 88 च्या खाली गेला, तर लगेच थांबायचे. छातीतले दुखणे थांबून आणि जिभेखालची गोळी घेऊनही पाच मिनिटांत कमी झाले नाही, तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवायची. ऑक्सिमीटर वापरताना हे लक्षात असू द्या की बोट गार असेल किंवा हात हलत असेल तर तो चुकीचा आकडा दाखवतो. तसेच धाप लागली म्हणजे ऑक्सिजन कमी झालाच असे नसते, त्यामुळे सिलिंडर स्वतःच्या मनाने आणू नये.

केंद्राची वेळ मिळेपर्यंत आंघोळीचे पाहता येईल. हात खांद्यांच्या वर गेले की मानेचे आणि खांद्यांचे जे स्नायू धापेच्या वेळी श्वासाला मदत करतात तेच त्या कामात गुंततात, म्हणून डोके पुसताना बाबांना सर्वाधिक दम लागत असणार. स्नानगृहात बसायला एक पक्का स्टूल ठेवा, पाणी फार कढत नको, दार थोडे किलकिले असू द्या, आणि नंतर अंग घासून पुसण्याऐवजी मोठा पंचा अंगाभोवती गुंडाळून पाच मिनिटे बसू द्या. पण आंघोळ त्यांची त्यांनाच करू द्या. बसून केली तरी ती त्यांची हालचाल आहे.

एक प्रश्न मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुमचे मत आहे, भावाचे आहे, आईंचे आहे, डॉक्टरांचे आहे, पण बाबांना काय हवे आहे ते मला चार पानांत सापडले नाही. त्यांना व्यायामाची भीती वाटते का, की तुम्हा सर्वांना पुन्हा घाबरवण्याची? हे दोन्ही वेगळे आहे आणि माझ्या अनुभवात दुसरे अधिक वेळा आढळते. धाप लपवण्यासाठी उठणेच बंद केलेली माणसे मी पाहिली आहेत. ‘तुम्हाला काय होते’ असे विचारण्याऐवजी ‘तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवे’ असे विचारून पाहा. उत्तर कदाचित अगदी लहान असेल, एका जिन्याचे किंवा कोपऱ्यापर्यंतच्या फेरीचे. ते जसेच्या तसे फिजिओथेरपिस्टला सांगा, म्हणजे व्यायामाचे उद्दिष्ट तेच ठेवता येईल.

पहिल्या दिवशी तुम्ही आणि आई दोघीही बरोबर जा आणि बाहेरच्या बाकावर न बसता परवानगी घेऊन आत बसा. आईंच्या हातात वही द्या. प्रत्येक फेरीनंतर धापेचा आकडा, ऑक्सिजन आणि पुन्हा शांत श्वास यायला लागलेला वेळ, एवढे तीन रकाने त्यांनी भरावेत. आकडा मात्र बाबांनाच सांगू द्या, आणि तो सांगायला त्यांना अर्धे मिनिट लागले तरी तुमच्यापैकी कुणी त्यांच्या वतीने बोलू नका.